लेकीचा गुडघा आणि बर्फावरच्या फळ्या

रामदासपेठेत राहण्याचं एक सुख आहे. हाडांचा डॉक्टर शोधायला रिक्षा करावी लागत नाही. लेंड्रा पार्कपासून पायी निघालं, तरी दवाखान्यांच्या पाट्या वाचता वाचता माणूस निम्मा डॉक्टर होतो. त्यामुळं सांधा, कूर्चा, लिगामेंट हे शब्द इथल्या बायकांना भाजीच्या नावांइतके ओळखीचे! पण जिथं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्या नागपूरच्या लेकीचा गुडघा बर्फावर पडून जायबंदी व्हावा, हे मात्र आमच्या गल्लीला नवीन होतं.

माझी लेक कॅनडात, कॅल्गरीला असते. चार हिवाळ्यांपूर्वी लांब स्कीवरून उतरताना ती पडली. वेगात नव्हती, अगदी सावकाश पडली. पण एका पायातली स्की सुटली नाही आणि गुडघ्यातलं मुख्य लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं, नऊ महिने व्यायाम झाला, जिना चढताना रेलिंग धरणं सुटलं. मी सुटकेचा श्वास टाकला. अन् गेल्या मे महिन्यात नातवाला घेऊन माहेरपणाला आली, तेव्हा कूलरसमोर बसून म्हणते कशी, "आई, या हिवाळ्यात मी परत बर्फावर जाणार आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. फक्त फळ्या बदलणार."

"आता गं कशाला?" माझ्या तोंडून निघालंच.

"अगं आई, तिकडे नोव्हेंबर ते एप्रिल बर्फच असतो. सहा महिने काचेतून बघत बसू का?"

तिचा तिथला पहिला हिवाळा मला ठाऊक आहे. मूल लहान, जावई कामावर, ओळखीचं कुणी नाही, आणि दुपारी साडेचारलाच अंधार. रोज फोनवर रडायची. पुढच्या वर्षी शहराच्याच कडेला, जिथं १९८८ च्या हिवाळी ऑलिंपिकचे काही खेळ झाले त्या टेकडीवर, ती शिकायला जाऊ लागली. तिथंच तिला मैत्रिणी मिळाल्या. रडण्याचे फोन थांबले. तेव्हा 'नको जाऊस' म्हणणं सोपं होतं, पण त्या बदल्यात तिला देणार काय? मी वही-पेन्सिल घेतली आणि म्हटलं, "जायचंच असेल तर पायाखाली काय असणार ते मला नीट समजावून सांग."

मैत्रिणींनो, तेच तुम्हांला सांगते. हल्ली आपल्याकडची मुलं गुलमर्गला, औलीला जाऊ लागली आहेत. कुणाला उपयोग झाला तर बरंच.

स्कीबोर्ड म्हणजे दोन आखूड फळ्या, एकेका पायात एकेक. लांबी साधारण मीटरभर किंवा त्याहून कमी. हातात काठ्या घ्याव्याच लागतात असं नाही. दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर, तो स्नोबोर्ड, तो वेगळा. १९९० नंतरच्या दशकात या आखूड फळ्यांची मोठी हवा होती. १९९८ ते २००० अशी तीन वर्षं तर अमेरिकेतल्या एक्स गेम्समध्येही हा खेळ होता. मग फॅशन ओसरली. आता थोडेच कारखाने मन लावून त्या करतात.

आता बर्फ. आपण बोलताना सगळ्यालाच बर्फ म्हणतो, पण पायाला तो एक नसतो. नुकत्याच पडलेल्या कोरड्या हिमाचं वजन घनमीटरला साधारण ५० ते १०० किलो. त्याचाच पक्का बर्फ झाला की ९१७ किलो! म्हणजे पिंजलेला कापूस आणि फरशी यांच्याइतका फरक. माझं माहेर वर्धा जिल्ह्यातलं, काळ्या मातीतलं. आषाढात त्या मातीत अरुंद टाच रुतते आणि सपाट, रुंद पाऊल तरतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. फळ्यांचंही तेच गणित आहे.

ताजं, खोल, पिठासारखं हिम असेल तर रुंद फळी हवी. मधोमध अकरा-बारा सेंटीमीटर रुंद, आणि पुढचं टोक होडीसारखं वर वळलेलं. तिचा पसारा मोठा, म्हणून ती तरंगते. आखूड आणि अरुंद फळी घेऊन अशा हिमात शिरलं तर टोक खाली जातं आणि माणूस तोंडावर पडतो. अंगानं भरलेल्या माणसाला तर लांबी-रुंदी आणखीच हवी.

यंत्रानं दाबून सारखा केलेला उतार असेल तर मधली फळी पुरते, आठ-नऊ सेंटीमीटरची. ती चटकन वळते.

रात्री गोठून काचेसारखा झालेला उतार असेल तर रुंदीपेक्षा कडा महत्त्वाच्या. फळीच्या दोन्ही बाजूंना पोलादी पट्टी असते. ती विळीच्या पात्यासारखी धारदार असेल तरच बर्फाला धरते. बोथट कडेनं कडक बर्फावर जाणं म्हणजे बोथट विळीवर सुपारी कातरणं; घसरणार ते बोटावरच.

आणि उन्हानं पाणावलेला, बर्फगोळ्यासारखा ओला बर्फ असेल तर फळीच्या तळाला मेण योग्य हवं. नाहीतर खालून कुणी धरून ठेवल्यासारखी ती चिकटते. थंडीत कडक मेण, उबेत मऊ. ते इस्त्रीनं वितळवून लावतात आणि निवल्यावर खरवडतात. (ती इस्त्री वेगळी ठेवावी, कपड्यांना लावू नये, हे सांगायला नकोच!)

आता कॅल्गरीची गंमत अशी, की हे चारही प्रकार तिथं एका आठवड्यात दिसू शकतात. रॉकी पर्वतावरून चिनूक नावाचा उबदार वारा उतरतो आणि काही तासांत तापमान वीसेक अंशांनी चढतं. बर्फ पाघळतो आणि वारा थांबला की पुन्हा गोठतो. १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये नाकिस्का इथल्या शर्यतींसाठी यंत्रानं बर्फ तयार करावा लागला होता. तिथंच आपल्या शैलजा कुमार स्लालम शर्यतीत उतरल्या. हिवाळी ऑलिंपिकमध्ये भाग घेणारी ती पहिली भारतीय स्त्री. नंबर २८ वा, म्हणजे पूर्ण करणाऱ्यांत शेवटचा. पण उतार पूर्ण केला! पुढे २०१८ मध्ये मनालीकडच्या आंचल ठाकूरनं तुर्कस्तानात ब्राँझपदक मिळवलं. लेकीनं हे सांगितलं तेव्हा माझा विरोध अंमळ मऊ झाला, हे खरं.

तरी गुडघ्याचं काय, हा माझा मुख्य प्रश्न होता. आमच्या समोरच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. चहा घेता घेता त्या म्हणाल्या, "काकू, लांब स्कीची शेपूट अडकली की ती तरफेसारखी गुडघा पिळते. फळी आखूड असेल तर तरफही लहान. म्हणून गुडघ्याच्या दुखापती तिच्यात कमी. पण पुष्कळ स्कीबोर्डांना बूट पक्का बांधलेला असतो, पडल्यावर सुटत नाही. मग पिळ गुडघ्याला न बसता नडगीला बसतो, आणि हाड मोडतं."

म्हणजे आगीतून फुफाट्यात! यावर तोड अशी निघाली, की पडल्यावर आपोआप सुटणारं बाइंडिंग बसवता येतं अशीच जोडी घ्यायची. ती थोडी जड होते, महागही पडते. नातवाला हलकी, अरुंद, उड्या मारायची जोडी आवडली होती. "आजी, ही किती भारी आहे!" म्हणाला. मी म्हटलं, "बाळा, आईच्या गुडघ्याला विचार."

शेवटी लेकीनं ठरवलं ते असं. ती जाते शनिवारी-रविवारी, बहुतेक दाबलेल्या उतारावर. म्हणून मधल्या रुंदीची, धारदार कडांची, सुटणाऱ्या बाइंडिंगची एक जोडी विकत घ्यायची. खोल हिम वर्षातून दोन-चारदाच मिळतं, त्या दिवशी रुंद जोडी भाड्यानं आणायची. सगळ्या ऋतूंना पुरेल अशी एकच फळी शोधत बसायचं नाही. आपण तरी पुरणाला आणि भाकरीला एकच भांडं वापरतो का?

दोन गोष्टी आणखी सांगते. बाइंडिंग किती जोरावर सुटावं हे वजन, उंची, वय आणि आपलं कसब पाहून लावतात. तिथं बायकांनी वजन आणि वय खरं सांगावं! पन्नाशीनंतर ते आणखी सैल ठेवतात. वजन चोरलं तर खटका नको तेव्हा सुटेल, आणि कसब वाढवून सांगितलं तर हवा तेव्हा सुटणार नाही. दुसरं, घरी आल्यावर कडा कोरड्या पुसाव्यात; ओल्या राहिल्या तर विळीसारख्याच गंजतात. आणि पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी काहीही विकत घेऊ नये. गुलमर्गलाही सामान भाड्यानं मिळतं. बूट मात्र स्वतः घालून, टाच उचलत नाही ना, हे पाहूनच घ्यावा.

डिसेंबरात लेक पुन्हा उतरली. शनिवारी तिकडे सकाळचे सात वाजतात, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. देवापुढे दिवा लावून झाला की फोन येतो. मी तीनच प्रश्न विचारते : बर्फ कसा आहे, कडा लावल्यास का, खटका तपासलास का? भीती गेलेली नाही, ती जाणारही नाही. आईची आहे ना! पण नुसतं 'जपून हं' म्हणण्यापेक्षा हे बरं वाटतं.

मागच्या शनिवारी मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "आई, काल चिनूक येऊन गेला. आज सगळी काच झाली आहे. आम्ही घरीच आहोत, वरणफळं करते आहे."

मला वाटतं, फळ्यांची निवड तिला चांगली जमू लागली आहे.