आत्याची उधारी

आत्या गेली तेव्हा भेटायला आलेल्यांत नात्यातले थोडे आणि तिच्या हातचं जेवलेले म्हातारे गिरणी कामगारच जास्त होते. कुणी साताऱ्याकडून, कुणी चिपळूणहून आलेलं.

परळच्या चाळीतल्या एका खोलीत तिची खाणावळ होती. पहिल्या पाळीचे उठले की त्याच पाटांवर दुसऱ्या पाळीचे बसत. जेवणाचे पैसे महिन्याच्या पगाराला मिळायचे, तोवर किराणा सावकाराच्या पैशातून यायचा. मंगळसूत्र बहुतेक त्याच्याकडेच गहाण असे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि खाणावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. कर्जाच्या कागदावर स्वतः सही केल्याचं आत्या पुढे कितीतरी वर्षं सांगायची.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. आत्याच्या ताटातली भाजी पातळ झाली, वाटीतलं मटण गेलं, पण पंगत मोडली नाही. "उपाशी माणूस संप कसा करील रे?" एवढंच म्हणायची.

तिच्या ट्रंकेत उधारीची वही सापडली. निम्म्या नावांपुढे वसुलीची खूणच नाही. संपाच्या इतिहासात संपाचे नेते दत्ता सामंत येतात, मालक येतात, सरकार येतं. वर्षाहून अधिक काळ तो लढा ज्यांच्या उधारीवर जेवला, त्या बायकांचं येणं अजून बाकीच आहे.