नाममुद्रा नसलेले पिस्तूल

निनावी पोथी हाती आली की तिचा काळ कसा ठरवावा, हे आम्ही दोघे मराठीचे अध्यापक दरवर्षी वर्गात शिकवितो. आरंभीचे पान गहाळ आणि पुष्पिका गळालेली असेल, तर कागद, अक्षरवळण, शब्दांची रूपे यांच्याकडे वळावे लागते. हीच रीत एका शस्त्राला लावण्याचा प्रसंग गारखेड्यात, आमच्याच गल्लीत आला.

शेजारच्या घरातील जुन्या लोखंडी पेटीच्या तळाशी वीतभराहून लहान असे एक पिस्तूल निघाले. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्यावाचून ते बाळगता येत नाही. तेव्हा घरच्यांनी पोलिसांना कळविले. पंचनाम्याच्या वेळी आम्हांस ते निरखता आले, छायाचित्रे घेता आली. त्या घरची नात आमची विद्यार्थिनी. १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी महाविद्यालयात भरणाऱ्या प्रदर्शनात ते छायाचित्र मांडावे आणि खाली आजोबांचे नाव लिहावे, ही तिची इच्छा. आजींचे म्हणणे ठाम होते : “रझाकारांच्या वेळेला ह्यांच्या कमरेला हेच असायचं, सर.” गल्लीतील काहींनी तर त्याचे नाते थेट अनंत कान्हेरे यांच्याशी जोडले.

या शहरात जुने पिस्तूल निघाले की कान्हेऱ्यांचे नाव निघणे स्वाभाविकच. ते येथे शिकले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, ‘शारदा’च्या प्रयोगास आलेल्या कलेक्टर जॅक्सन यांच्यावर त्यांनी गोळ्या झाडल्या. परंतु ते पिस्तूल ब्राउनिंग होते. सावरकरांनी लंडनहून पाठविलेल्या व चतुर्भुज अमीन यांनी सामानात दडवून आणलेल्या वीस पिस्तुलांपैकी. मुठीतील खजिन्यातून काडतुसामागून काडतूस वर चढविणारे ते नव्या शतकाचे यंत्र. ती पिस्तुले कोठून निघाली, कोणाच्या हाती गेली, याचा माग सरकारने काढला. सावरकरांवरील खटल्यातही ती पुरावा म्हणून उभी राहिली.

पेटीतील पिस्तूल याहून पुष्कळ जुन्या घडणीचे, ठासणीचे. दारू व गोळी भरायची, घोड्याखालच्या पोकळ बोंडीवर स्फोटक टोपी बसवायची आणि एकच बार काढायचा. चकमकीची जागा या टोपीने घेतली ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. धातूच्या काडतुसांनी तिला मागे सारले ते उत्तरार्धात. नळी रिकामी असल्याची खात्री करून अधिकाऱ्यांनी घोडा मागे ओढला, तेव्हा आत दडलेला चाप अलगद खाली उतरला. खिशात अडकू नये म्हणून केलेली ही योजना त्या शतकाच्या मध्यावरील इंग्लिश व बेल्जियन खिसापिस्तुलांत नेहमी आढळते. अक्षरवळण वाचता आले. लेखक मात्र कळला नाही.

बेल्जियममधील लिएज शहरी नळीची चाचणी झाली की लंबवर्तुळात ‘ई एल जी’ ही अक्षरे उमटवीत. १८९३ पासून त्यांवर मुकुट आला. बर्मिंगहॅमलाही १८१३ पासून चाचणीगृह आहे. असा एकही ठसा येथे दिसला नाही. तो झिजला असेल, कोणी घासला असेल, किंवा एखाद्या कुशल कारागिराने विलायती नमुना पुढे ठेवून ही नक्कल उतरविली असेल. अर्थात ठसा असता तरी निर्णय सोपा होताच असे नाही. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर यांची छोटी पिस्तुले इतकी गाजली की इतर कारागीरही आपल्या मालावर त्यांचे नाव ठोकू लागले. ‘तुका म्हणे’ असलेला प्रत्येक अभंग तुकोबांचाच नसतो, हे का आम्ही जाणत नाही?

मग आजींचे बोलणे खोटे ठरते काय? मुळीच नाही. पोथी रचली गेल्याचा काळ वेगळा आणि ती वाचली गेल्याचा वेगळा. शंभर वर्षांपूर्वीच्या घडणीचे पिस्तूल १९४८ साली एखाद्या भयग्रस्त गावात कमरेला असू शकते. ज्याला दुसरे काही मिळत नाही, तो जुनेच जवळ बाळगतो. मात्र ही गोष्ट लोखंड सांगत नाही, आजी सांगतात. म्हणून छायाचित्राखाली दोन वेगळे परिच्छेद असावेत, असे आम्ही सुचविले : पहिल्यात पिस्तुलाची घडण व अंदाजे काळ, दुसऱ्यात आजींची साक्ष, त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावानिशी.

विद्यार्थिनी नाराज झाली. “दोन तुकडे केले की लोक म्हणतील, पुरावाच नाही.”

आजी शांतपणे म्हणाल्या, “अगं, मी आहे की!”

त्या उत्तरापुढे आमची पाठचिकित्सा क्षणभर थबकली. पिस्तुलाची नोंद पंचनाम्यात झाली आहे, ते राहील. आजींचे वय नव्वदीला टेकले आहे, आणि त्यांची नोंद अद्याप कोठेही झालेली नाही. त्या संध्याकाळपासून नात वही घेऊन त्यांच्यापाशी बसू लागली आहे. गावाचे नाव, आजोबा रात्री कोणत्या वाटेने येत, पिस्तूल कोणी दिले, असे एकेक उतरते आहे. काही तपशील एकमेकांशी जुळत नाहीत. ते जुळवू नकोस, जसे सांगितले तसेच लिही, एवढेच आम्ही तिला बजावले आहे.