आच पाहून घ्यावी

न्यू जर्सीत आमच्या स्वयंपाकघराचं काम निघालं तेव्हा एक गोष्ट पक्की होती: कुकिंग रेंज एकदाच घ्यायची, चांगली घ्यायची आणि पेटवून बघूनच घ्यायची. घरी रोज ज्वारीची भाकरी होते, होळीला मित्रमंडळींसाठी पुरणपोळ्या होतात, थंडीत वांगी भाजली जातात. या कामाला जी आच लागते ती देणारी रेंज मला हवी होती. स्टीलची चकाकी आणि नॉबचे रंग त्यानंतरचे.

दुकानात बोलणं सुरू होतं ते बीटीयूपासून. साध्या अमेरिकन गॅसच्या मोठ्या बर्नरचा आकडा 12 ते 15 हजारांच्या आसपास असतो. महागड्या रेंजमध्ये तो 18 ते 22 हजारांपर्यंत जातो. पण तासाला किती उष्णता निघते एवढंच हे माप सांगतं. ती भांड्याच्या तळाला नेमकी कुठे लागते, हे त्यातून कळत नाही, आणि भाकरीचं सगळं त्यावर अवलंबून असतं.

बंद बर्नरवर टोपी असते आणि ज्योती तिच्या कडेने बाहेर पडतात. उतू गेलेलं दूध वरच्या पत्र्यावरच राहतं, त्यामुळे पुसायला सोपं. उघड्या बर्नरच्या ज्योती सरळ वर येतात, तळाच्या मध्यापर्यंत पोचतात. मात्र सांडलेलं खालच्या ट्रेमध्ये जातं आणि तो ट्रे वरचेवर काढून धुवावा लागतो. थर्मेडोरने बर्नरला पाच टोकांच्या चांदणीचा आकार दिला आहे, त्यामुळे मध्याजवळही आच मिळते. वुल्फच्या बंद बर्नरमध्ये ज्योतींचे दोन थर असतात, खालचा मंद आचेसाठी. पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंगमध्ये बनणाऱ्या ब्लूस्टारची ओळख उघड्या बर्नरची.

एवढं वाचून झाल्यावर जिथे रेंजना गॅसची जोडणी आहे असं शोरूम शोधलं आणि वेळ ठरवून गेले. सोलापूरहून आलेली आई बरोबर होती. आमचा लोखंडी तवा, परात आणि ज्वारीचं पीठही नेलं होतं. पहिल्या रेंजवर, साध्या गोल बंद बर्नरवर, तवा तापल्यावर आईने त्यावर पाण्याचा हबका मारला. कडेचं पाणी चर्रकन उडून गेलं. मधलं बुडबुडत बसून राहिलं.

"अगं, मध्ये आचच नाही. भाकरी कडेने करपेल आणि पोटात कच्ची राहील," ती म्हणाली.

तोच तवा उघड्या बर्नरवर ठेवला. या वेळी पाणी सगळीकडून एकदम उडालं. आईने तिथेच भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, पाणी सुकताच उलटली. मग तवा बाजूला करून भाकरी सरळ जाळीवर धरली. पदर सुटला आणि भाकरी टम्म फुगली. आईने तिचा तुकडा विक्रेत्याच्या हातावर ठेवला. त्याने तो चवीने खाल्ला आणि पुढचा अर्धा तास आम्हाला मागू ती रेंज पेटवून दिली.

पुढची परीक्षा मंद आचेची. पुरण आटवताना आणि बासुंदी करताना मोठ्या आकड्यांचा उपयोग नसतो. तिथे आच किती खाली येते हे महत्त्वाचं. काही रेंजमध्ये सर्वांत मंद पातळीवर ज्योत ठरावीक वेळाने विझते आणि परत पेटते. मला एकसारखी तेवणारी बारीक ज्योत हवी होती, म्हणून मंद आचेचा वेगळा बर्नर असणं ही अटच घातली. मग फोडणीचं कढलं ठेवून पाहिलं. या रेंजच्या बिडाच्या जाळ्यांत मोठ्या भांड्यांच्या हिशोबाने रुंद फटी असतात आणि लहान कढलं त्यांत कलंडतं. गरम तेल हातावर यायचं नसेल तर हे आधीच बघावं आणि कढल्यासाठी लहान कडं मागून घ्यावं.

इंडक्शनचा विचारही मनापासून केला. दूध, भात, वरण त्यावर उत्तम होतं आणि स्वयंपाकघरातली हवा चांगली राहते. पण गोल बुडाची कढई सपाट काचेवर नीट बसत नाही, आणि भाकरी फुगवायला, वांगं भाजायला ज्योतच लागते. म्हणून गॅसच घ्यायचं ठरवलं आणि त्याबरोबर धुराची जबाबदारीही घेतली.

ही जबाबदारी मोठी आहे. सहा बर्नर आणि ओव्हन मिळून सव्वा लाखाच्या आसपास बीटीयू होतात. हूड मिनिटाला किती घनफूट हवा खेचतो ते सीएफएममध्ये मोजतात. दर 100 बीटीयूला 1 सीएफएम या ठोकताळ्याने सुमारे 1200 सीएफएमचा हूड लागतो, तोही हवा घराबाहेर टाकणारा आणि रेंजपेक्षा थोडा रुंद. गॅस जळताना नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो, त्यामुळे नुसता फोडणीचा वास जाऊन भागत नाही. शिवाय थंडीत दारं-खिडक्या बंद असताना एवढी हवा बाहेर खेचली, तर पाणी तापवणाऱ्या गॅसच्या बंबाचा धूर चिमणीतून उलटा घरात येऊ शकतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. म्हणूनच अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी 400 सीएफएमच्या पुढच्या हूडसाठी बाहेरून ताजी हवा आत आणण्याची सोय करावी लागते. प्लंबरने गॅसची नळीही मोजली. अर्ध्या इंचाची जुनी नळी एवढ्या गॅसला पुरणार नव्हती, पाऊण इंचाची घालावी लागली.

हूड, हवेची सोय आणि नळी यांचे पैसे आधी बाजूला काढले आणि उरलेल्या रकमेत 36 इंचाची ब्लूस्टार घेतली. 48 इंचाची मोठी रेंज या हिशोबात बसत नव्हती, आणि तिची मला गरजही नव्हती.

आता ओळखीचं कुणी रेंज घ्यायला निघालं की मी हाच क्रम सांगते: आधी हवा बाहेर जायची वाट, मग गॅसची नळी, मग रेंज. आणि दुकानात जाताना आपला तवा घेऊन जायचा. जी रेंज आपल्याला पेटवून दाखवत नाहीत, ती घ्यायची नाही.