ढेकराचे मोल

पंगतीतून उठताना पाहुण्याने दिलेला ढेकर ही यजमानाला मिळालेली बिनशाईची पावतीच होय. ही पावती देण्याचा माझा अधिकार जाणार की काय, असा प्रश्न सध्या मजपुढे आहे.

आम्लपित्तावर आजीची आवळासुपारी झाली, वैद्यांचे पथ्य झाले, डॉक्टरांच्या गोळ्याही झाल्या. परंतु अन्ननलिका आणि जठर यांमधील दारच ढिले झाले असता गोळी काय करणार? ती आम्लाची धार बोथट करते. त्याचे वर चढणे थांबवीत नाही. आता शल्यचिकित्सक म्हणतात, दारच दुरुस्त करू.

या दुरुस्तीचे जनक रुडॉल्फ निसेन. ज्यू वंशाच्या या जर्मन शल्यचिकित्सकाला १९३३ साली मायदेश सोडावा लागला. १९३६ साली इस्तंबूल येथे एका तरुणाच्या अन्ननलिकेचा व्रणग्रस्त भाग काढल्यावर, नवा सांधा टिकावा म्हणून त्यांनी तो जठराच्या घडीने वेढला. त्या रुग्णाची जळजळही थांबली, हे पुढे अनेक वर्षांनी ध्यानात आले. आणि १९५५ साली बाझेल येथे त्यांनी केवळ जळजळीसाठी असा वेढा घातला. मधल्या काळात, १९४८ साली, आइन्स्टाइनच्या पोटातील फुगलेल्या रोहिणीभोवती सेलोफेन गुंडाळणारेही हेच गृहस्थ! १९९१ पासून हा वेढा पोट न उघडता, लहान छिद्रांतून दुर्बिणीच्या साह्याने घालता येतो.

युक्ती मोठी नामी आहे. जठर भरू लागले की वेढ्यावरही दाब येतो आणि दार मिटते. मात्र दारवान कडक नेमला, की तो चोराबरोबर सावालाही अडवितो. पुऱ्या वेढ्यानंतर कित्येकांना ढेकर देणे, ओकणे कठीण जाते. पोट फुगते, क्वचित घासही अडतो. म्हणून वेढा अपुरा ठेवण्याचीही रीत आहे. तीत वाऱ्याला वाट बरीच मोकळी राहते.

ढेकर माझा एकट्याचा. पण उशांच्या उतरंडीवर बसून मी रात्रभर खोकतो, तेव्हा झोप दोघांची मोडते. पत्नीने याविषयी कधी तक्रार केली नाही, आणि तिचे हे मौनच मला अधिक जड वाटते. अपुऱ्या वेढ्याला मी संमती दिली आहे. दिवाळीचा फराळ आटोपला, की इस्पितळात दाखल व्हायचे. पुढे काही आठवडे पेज आणि कढण.