जलंब जंक्शन आणि आठ मैलांचा फाटा

बुलढाणा जिल्ह्यात रेल्वे आहे, बुलढाण्याला नाही. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्टेशनं जिल्ह्याच्या उत्तरेला, पूर्णेच्या सपाट खोऱ्यात ओळीने बसली आहेत. जिल्ह्याचं मुख्य ठिकाण मात्र वर घाटावर. चिखली, मेहकर, लोणार, देऊळगावराजा, सिंदखेडराजा या सगळ्या मुलखात रूळ नाही. मुंबई-नागपूर मार्गाला या जिल्ह्यात फुटलेली फांदी एकच, जलंब ते खामगाव. जेमतेम तेरा किलोमीटर, म्हणजे जुने आठ मैल.

या आठ मैलांमुळेच जलंबसारख्या लहान गावाच्या पाटीवर ‘जंक्शन’ लिहिलेलं आहे. आजूबाजूला कपाशी, सोयाबीन, तुरीची शेतं आणि मधूनच धडधडत निघून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या. नवख्या माणसाला प्रश्न पडतो की खामगाव एवढं मोठं बाजाराचं गाव असताना मुख्य लाइन तिथून का गेली नाही? उत्तर जमिनीत आहे. रूळ टाकणाऱ्यांना खोऱ्याचा सपाट पट्टा स्वस्त पडला, आणि खामगाव घाटाच्या पायथ्याकडे चढत्या जमिनीवर.

मुंबई-ठाणे पहिली गाडी 1853 ची, हे शाळेत सगळ्यांना शिकवलं जातं. त्याच वर्षी हैदराबादच्या निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, कंटिन्जंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी. हे मात्र आमच्या वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. मला या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायला आवडतात. इंग्रजांना वऱ्हाड कशासाठी हवं होतं? काळ्या जमिनीसाठी आणि त्यात पिकणाऱ्या कापसासाठी. रेल्वे कशासाठी हवी होती? तो कापूस मुंबईच्या बंदरात लवकर पोचावा म्हणून. त्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर मिर्झापूरपर्यंत जायचा आणि तिथून गंगेतून नावेने कलकत्त्याला. 1820 च्या दशकात विकाजी आणि पेस्तनजी या पारसी सावकारांनी तो मोठ्या प्रमाणावर मुंबईकडे वळवला, तोही बैलांवरूनच.

मग 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या बोंडाला सोन्याचा भाव आला. जी.आय.पी. रेल्वेचे रूळ भुसावळहून पुढे सरकत 1867 मध्ये नागपूरला पोचले. खामगाव तेव्हा वऱ्हाडातल्या कापसाच्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक होतं, आणि ते रुळांपासून आठ मैल दूर. युद्ध संपून भाव कोसळले होते, तरी सरकारने स्वतःच्या पैशाने हा फाटा बांधला. त्या काळी बहुतेक मार्ग खासगी कंपन्या बांधत आणि सरकार त्यांना पाच टक्के व्याजाची हमी देई. खामगावचा फाटा सुरुवातीच्या थेट सरकारी मार्गांपैकी. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खुद्द इथे आला आणि त्याने त्याचं उद्घाटन केलं.

मेयोचं नाव आपल्या वाचकांना दुसऱ्या कारणाने ठाऊक असेल. हिंदुस्तानी मुसलमानांवरचं हंटरचं 1871 चं पुस्तक त्याच्याच काळातलं. पुढच्याच वर्षी अंदमानात शेर अली आफ्रिदी या कैद्याने मेयोची हत्या केली. खामगावची रेल्वे मात्र या मोठ्या इतिहासात कुठे येत नाही. आली तरी ओळभर.

आमच्या घरात ती ओळभर नव्हती. आम्ही पिंजारी. कापूस पिंजणं हाच पिढीजात धंदा. दादाजान थंडीच्या तोंडावर खांद्यावर पिंजण टाकून निघायचे. खामगावहून डब्यात बसून जलंब, तिथून गाडी बदलून नांदुरा नाहीतर मलकापूर. पुरुषभर उंचीचं ते पिंजण बाकड्यांमध्ये आडवं मावायचं नाही, म्हणून दाराशी उभं धरून ते अख्खा प्रवास करत. गाडीच्या धक्क्याने तांत आपोआप वाजायची आणि डब्यातली पोरं हसायची, असं ते सांगत. लोकांच्या अंगणात बसून जुन्या गाद्यांची रुई मोकळी करायची, रजया भरायच्या, आठ-पंधरा दिवसांनी परत. एकाच रुळावरून कापसाच्या गाठी लिव्हरपूलला गेल्या आणि उरलीसुरली रुई पिंजणारा माणूस नांदुऱ्याला गेला. गाठींची नोंद सरकारी गॅझेटियरमध्ये सापडते. पिंजाऱ्याची सापडली तर मला नक्की कळवा.

या फाट्याकडे बघताना म्हणूनच मला एक गोष्ट खटकते. 1870 मध्ये कुणी विचारलं नाही की रोज किती तिकिटं खपतील. गाठी जाणार होत्या, तेवढं पुरे होतं. पुढे माल रस्त्याने जाऊ लागला, गाडीत उरली ती माणसं. शाळा-कॉलेजची पोरं, बाजाराला निघालेल्या बाया, अकोल्याला दवाखान्यात जाणारे म्हातारे. तेव्हापासून हिशोब सुरू झाला की एवढ्या छोट्या गाडीचा खर्च निघतो का! खामगाव ते शेगाव ऑटो आणि एसटी थेट जाते, हे खरं. पण जलंबच्या गाडीचं मोल त्या तेरा किलोमीटरच्या तिकिटात नाहीच. ते पुढच्या गाडीत आहे. मुख्य लाइनच्या गाडीशी वेळ जुळली तर खामगावचा माणूस थोडक्या पैशात भुसावळ गाठतो, अकोला गाठतो. वेळ जुळली नाही, तर रिकामे डबे बघून लोक म्हणणार, गाडीची गरजच नाही.

करोनाच्या दिवसांत हे देशभर दिसलं. मार्च 2020 मध्ये सगळ्या प्रवासी गाड्या थांबल्या. नंतर साध्या पॅसेंजर परत आल्या त्या ‘एक्सप्रेस स्पेशल’ म्हणून, आणि किमान भाडं दहाचं तीस रुपये झालं. गाडी तीच, डबे तेच. ते दहावर परत यायला फेब्रुवारी 2024 उजाडलं. तिकिटाचा तिप्पट दर पगारदाराला कळतही नाही. रोज जाऊन-येऊन करणाऱ्या मजुराला त्या दिवशीच कळतो.

आणि शेवटचा मुद्दा, जालन्याचा. खामगावला येऊन रूळ संपतात. ते पुढे चिखली, देऊळगावराजावरून जालन्याला न्यावेत ही मागणी शंभर वर्षांपासूनची आहे. जालन्याहून निजामाच्या काळात, 1900 च्या सुमारास टाकलेली मनमाड-हैदराबाद लाइन जाते. म्हणजे मधलं अंतर साधारण एकशे साठ किलोमीटर, पण घाट चढायचा आहे, म्हणून खर्च मोठा. दर निवडणुकीला सर्वेक्षणाची बातमी येते. आमच्या गल्लीत ती आली की लोक आता पेढ्यांऐवजी चहाच मागवतात.

माझी खाला जालन्यात दिली आहे. तिच्या घरी रेल्वेने जायचं तर खामगाव, जलंब, भुसावळ, मनमाड करत साडेचारशे किलोमीटरचा फेरा पडतो. मागच्या ईदला अम्मीने फोन केला तेव्हा खाला म्हणाली, “आपा, टेशन तो तुमच्याकडे पण आहे, माझ्याकडे पण आहे. मधलं तेवढं राहिलं.” अम्मी दुसऱ्या दिवशी शिरखुर्म्याचा डबा घेऊन चिखलीमार्गे एसटीने गेली.