तिकिटांची वही आणि न आलेली मोटार

युद्धोत्तर जर्मन मोटारींविषयीच्या या धाग्यात आतापर्यंत इंजिने आणि आकार यांची पुष्कळ चर्चा झाली. बीटलविषयी लिहिताना मात्र मला मोटारीपेक्षा एका तिकीटवहीविषयी लिहावेसे वाटते.

ऑगस्ट १९३८ मध्ये नाझी कामगार आघाडीचा प्रमुख रॉबर्ट लाय याने एक बचत योजना जाहीर केली. आठवड्याला किमान ५ राइशमार्कचे तिकीट घ्यावे, वहीत चिकटवावे. ९९० मार्क भरले की 'जनतेची मोटार' मिळेल. रकमेवर व्याज नाही. हिशेब केला तर १९८ आठवडे, म्हणजे जवळजवळ चार वर्षे. युद्ध पेटले ते सुमारे वर्षभरानेच. तरीही लोक तिकिटे चिकटवीत राहिले (या ठिकाणी मी दर वेळी थबकते) आणि बचतदारांची संख्या अखेरीस ३ लाख ३६ हजारांच्या आसपास पोहोचली. त्यांपैकी एकालाही मोटार मिळाली नाही. कारखान्यातून बाहेर पडत होत्या त्या सैन्याच्या क्यूबेलवागन. आणि तेथे राबणाऱ्यांत सक्तीने आणलेले परदेशी मजूर, युद्धकैदी व छळछावण्यांतील बंदी होते.

पुढचा भाग सर्वपरिचित आहे. १९४५ मध्ये ब्रिटिश अधिकारी मेजर आयव्हन हर्स्ट यांनी वोल्फ्सबुर्गचे उत्पादन पुन्हा सुरू केले, १९४८ पासून हाइनरिश नॉर्डहॉफ यांनी ते वाढविले आणि ऑगस्ट १९५५ मध्ये दहा लाखावी बीटल तयार झाली.

बचतदारांनी वह्या जपून ठेवल्या होत्या. त्यांनी कंपनीला न्यायालयात खेचले. कंपनीचे म्हणणे असे, की करार आमच्याशी नव्हता, कामगार आघाडीशी होता. आणि जमा पैसा तर बर्लिनच्या बँकेसह सोव्हिएतांच्या हाती गेला. कायद्याच्या दृष्टीने हा युक्तिवाद पोकळ नव्हता. परंतु कारखाना तोच, मोटारीची रचनाही तीच. वारशातील मत्ता घ्यावी आणि ऋण नाकारावे, हे मला पटत नाही. खटला दहा वर्षांहून अधिक काळ रेंगाळला. १९६१ मध्ये तडजोड झाली: पूर्ण रक्कम भरलेल्यास नव्या मोटारीवर ६०० मार्कांची सूट किंवा १०० मार्क रोख. त्याच वर्षी कंपनीचे समभाग सामान्य जनतेला विक्रीस निघाले, हा योगायोग थोडा बोचरा आहे.

बचतदारांविषयी सहानुभूती वाटते. पण ती बेताची. ते बहुतांशी मध्यमवर्गीय होते, आपखुशीने योजनेत आले होते, आणि त्यांच्या हाती निदान पुराव्याची वही होती. ज्यांना वेठीस धरून त्या कारखान्यात राबविले, त्यांच्याजवळ चिकटवलेली तिकिटे नव्हती. त्यांच्यासाठी कंपनीने मदतनिधी उभारला तो १९९८ मध्ये, बचतदारांच्या तडजोडीनंतर ३७ वर्षांनी. तोवर त्यांच्यातील कित्येक जण हयात नव्हते.