सुखाचे खोरे

सुख कोणाला नको असते? परंतु ते नेमके कोठे सापडते, हे खात्रीने सांगणारा विरळा. हाच प्रश्न मनात घेऊन घर सोडणाऱ्या एका राजपुत्राची कथा मी नुकतीच वाचली. डॉ. सॅम्युएल जॉन्सन या इंग्रज ग्रंथकाराची ‘रासेलस’ ही कादंबरी १७५९ साली प्रसिद्ध झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी तिचे मराठी भाषांतर आरंभिले व त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनी ते पुरे केले.

रासेलस हा अबिसीनियाचा राजपुत्र. डोंगरांनी वेढलेल्या एका रम्य खोऱ्यात तो राहतो. तेथे कशाचीही वाण नाही. मात्र बाहेर पडण्यास मनाई आहे. चरणाऱ्या बकऱ्यांकडे पाहून त्याच्या मनात येते, पोट भरताच यांचे समाधान होते, मग माझे का होत नाही? आमच्या शिवडीच्या किल्ल्याखालील चिखलात हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरतात. त्यांना शांतपणे भक्ष्य टिपताना पाहिले, की रासेलसचा तो प्रश्न मलाही पडतो.

अखेर इम्लॅक हा कवी व बहीण नेकाया यांच्यासह राजपुत्र डोंगर पोखरून बाहेर पडतो. तो धनिकांना भेटतो, मेंढपाळांना भेटतो, एकांतवासी तपस्व्यालाही भेटतो. पूर्ण सुखी असा कोणीच आढळत नाही. मनोविकार जिंकावेत असा उपदेश करणारा एक पंडित त्याला फार थोर वाटतो. परंतु एकुलती एक मुलगी दगावताच त्या पंडिताचा धीर खचतो. शेवटच्या प्रकरणातही प्रश्नाचा निकाल लागत नाही.

मग एवढा प्रवास कशासाठी? मला वाटते, याचे उत्तर पुस्तकाबाहेर आहे. जॉन्सनची वृद्ध आई वारली, तेव्हा तिच्या अंत्यविधीचा खर्च व थोडे कर्ज भागविण्यासाठी त्याने एका आठवड्याच्या संध्याकाळी बसून ही कादंबरी लिहिली. सुखाविषयीचे हे पुस्तक दुःखाच्या दिवसांत, कर्तव्य म्हणून जन्मास आले! विष्णुशास्त्र्यांना तर सरकारी नोकरीचे सुरक्षित खोरे लाभले होते. ते त्यांनी १८७९ साली सोडले व १८८० च्या आरंभी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. १८८२ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते निवर्तले. पण ती शाळा राहिली.

शिवडी-परळच्या चाळींत कोकणातून व घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांच्या पिढ्या नांदल्या. त्यांना डोंगर ओलांडावे लागले ते पोटासाठी. रात्रपाळी करून त्यांनी गावी मनिऑर्डरी धाडल्या, मुलांना शाळेत घातले. १९८२ च्या संपाने त्यांतील कित्येकांचा रोजगार गेला, तरी मुलांच्या हातची पुस्तके त्यांनी सुटू दिली नाहीत. ‘तुम्ही सुखी आहात का?’ असे कोणी विचारले असते, तर ते नुसते हसले असते.

रासेलस स्वतःसाठी योग्य जीवन निवडू पाहत होता, म्हणून प्रत्येक जीवनात त्याला उणेपणा दिसला. या माणसांनी निवड केली नाही. त्यांनी दुसऱ्याचे ओझे उचलले. त्यामुळे त्यांचे दुःख नाहीसे झाले असे मी म्हणणार नाही. परंतु पोट भरल्यावरही माणसाला जी हुरहुर लागते, ती त्याला दुसऱ्याच्या दाराशी नेत असेल, तर ती व्यर्थ नव्हे. सुखाचे खोरे कोठे आहे, हे मला ठाऊक नाही. पण त्याला एकट्यासाठी बांधलेली वाट नसावी, एवढे मात्र खचित.